इंटरनेट नसलेल्या नेटवर्कवर सगळ्या पीसींच्या डेस्कटॉपवर पट्टी दाखवायचीये, सर्व्हर-क्लायंट कसं मांडू?

तुमची दोन नेटवर्क, एकमेकांना न जोडलेली, मिळून ३०० एक विंडोज पीसी, आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर 'हे कुठलं नेटवर्क' सांगणारी रंगीत पट्टी सर्व्हरवरून चालवायची, बरोबर ना?

मी हे केलंय आणि पहिल्या वेळी चांगलंच गंडवलंय. रंग, मजकूर सगळं सर्व्हरवरून मागवत होते आणि सर्व्हर सापडला नाही की क्लायंट (पीसीवरचा पट्टी दाखवणारा प्रोग्राम) गुपचूप बंद. एका दुपारी स्विच बदलला तर अख्ख्या मजल्यावरच्या पट्ट्या गायब, आणि पट्टी नाही म्हटल्यावर माणूस समजतो की हा साधा पीसी आहे, लाव पेनड्राइव्ह!

म्हणून आता माझं मत असंय की नाव आणि रंग सर्व्हरकडे ठेवूच नका. पीसी कुठल्या नेटवर्कचा हे काय रोज बदलतं का? ते ग्रुप पॉलिसीने (सगळ्या पीसींना एका जागेवरून सेटिंग पाठवायची विंडोजची सोय) रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात टाका, त्यातही एचकेएलएम या अख्ख्या पीसीसाठीच्या भागात, म्हणजे साध्या युजरला हात लावता येत नाही. अमेरिकन सैन्याच्या नेटवर्कवर मायक्रोसॉफ्टचं नेटबॅनर हे अशीच पट्टी दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात ते पण रजिस्ट्रीतूनच वाचतं (तिकडे रंगही ठरलेले, अनक्लासिफाइड हिरवा, सीक्रेट लाल, टॉप सीक्रेट नारिंगी). पॉलिसी साधारण ९० ते १२० मिनिटांत रिफ्रेश होते, एवढ्याला पुरे.

सर्व्हर फक्त बदलत्या ओळीसाठी, 'आज ५ नंतर फाइल सर्व्हर बंद' वगैरे. तोही मठ्ठच बरा. आयआयएसवर (विंडोजचा वेब सर्व्हर) एक डिजिटल सही केलेली जेसॉन फाइल (साधी मजकुराची डेटा फाइल), क्लायंट दर ५ मिनिटांनी थोडं रँडम थांबून स्वतः येऊन घेतो, सही तपासतो, कॉपी डिस्कवर ठेवतो. सर्व्हरने ढकलायचं म्हटलं तर ३०० पीसींवर पोर्ट उघडा, आणि सिक्युरिटीवाले ते देणार नाहीत, त्यांचं बरोबरच आहे. ओळीला मुदत घाला, मुदत संपली की ओळ जाते, पट्टी राहते. आणि रजिस्ट्रीत काहीच सापडलं नाही तर गोपनीयतेच्या सगळ्यात वरच्या दर्जाची पट्टी दाखवायची, लपायचं नाही.

दोन नेटवर्कला दोन सर्व्हर हं. मध्ये एकच ठेवलात तर तोच पूल झाला, मग वेगळं केलं कशाला.

घड्याळाकडे पण बघा, बाहेरचा टाइम सर्व्हर नाही त्यामुळे सगळे पीसी वेळ घेतात डोमेन कंट्रोलरवरून (नेटवर्कचे लॉगिन सांभाळणारा मुख्य सर्व्हर), तोच सरकला की मुदतीचा हिशोब पण सरकतो. एचटीटीपीएस लावलंत तर सर्टिफिकेट कधी संपतं ते कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, आठवण करून द्यायला बाहेरून मेल येणार नाही.

पट्टी नुसती 'ऑलवेज ऑन टॉप' खिडकी करू नका, मॅक्सिमाइझ केलेल्या विंडोचं क्लोज बटण तिच्याखाली जातं आणि दिवसभर फोन येतात. टास्कबारसारखा अॅपबार (स्क्रीनच्या कडेला राखीव पट्टी) म्हणून विंडोजकडे रजिस्टर करा म्हणजे विंडोज तेवढी जागा सोडतं, आणि एक्सप्लोरर (डेस्कटॉप आणि टास्कबार चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) रीस्टार्ट झाला की 'टास्कबारक्रिएटेड' मेसेज येतो तेव्हा परत रजिस्टर करा, मी हे विसरले होते.