घरी वाद घालते, मग कागदावर का अडते?

सहावी ते आठवीतल्या मुलांच्या पालकांकडून एक तक्रार सारखी कानावर येते : "घरी एकाला दहा उत्तरं देते, पण मत मांडणारा निबंध लिहायला बसली की परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यावर गाडी अडते." भाषा कच्ची म्हणून शिकवणी लावून झालेली असते. मला मात्र भाषेचा दोष क्वचितच दिसतो.

सातवीतली एक मुलगी (तपशील बदलले आहेत) आईबरोबर आली. निबंधाचा विषय होता, सुट्टीत गृहपाठ असावा का? पहिल्या परिच्छेदाची सुरुवात : "गृहपाठ हा विद्यार्थी जीवनातील महत्त्वाचा घटक आहे." दुसऱ्याची : "आता मी आरोग्याविषयी लिहिणार आहे."

"पहिल्या वाक्याला नाही कोण म्हणेल?" मी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग पटवायचं कुणाला?"

बराच वेळ ती पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, "पण मॅडम, कुणी नाही म्हटलं म्हणजे माझं चुकलंच ना?"

अशा वाक्यासाठी मी कितीही वेळ थांबायला तयार असते. 'अमुक झालंच पाहिजे' हा मनातला हट्ट माणसाला अडवतो, असं सांगणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर (ती मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली) माझा भरवसा आहे, तो उगाच नाही. 'माझं म्हणणं सगळ्यांना पटलंच पाहिजे' या 'च'ने तिचा हात धरून ठेवला होता. गुळगुळीत वाक्याला कुणी हरकत घेत नाही, म्हणून ती गुळगुळीत लिहीत होती. घरी 'उलट बोलू नकोस' आणि शाळेत 'ठाम मत मांड', अशा दोन आज्ञा एकाच वेळी पाळणारी मुलं दुसरं काय करणार?

"समोरच्याने नाही म्हणावं, म्हणून तर पुढची चार वाक्यं आहेत," मी म्हटलं. "सुट्टीतल्या गृहपाठाचं खरं काय होतं, सांग."

"रविवारी रात्री कसाबसा उरकतो."

"मग?"

तिने लिहिलं : "सुट्टीतला गृहपाठ बंद करावा, कारण रविवारी रात्री घाईने उरकलेल्या अभ्यासातून काही शिकून होत नाही." आई उद्गारली, "अहो, हे तर ती दर आठवड्याला ऐकवते मला!"

मुद्द्याच्या वाक्यात, म्हणजे परिच्छेदाचं म्हणणं सांगणाऱ्या वाक्यात, एवढंच लागतं : बाजू आणि एक कारण. दोन कारणं असतील तर परिच्छेद दोन करा. 'मी आता सांगणार आहे' ही घोषणा झाली. तिच्यात मत नसतं. नुसती माहिती किंवा प्रश्न लिहूनही भागत नाही. घरी तपासायची सोपी युक्ती : पहिलं वाक्य झाका, उरलेला परिच्छेद दुसऱ्या कुणाला वाचायला द्या आणि मुद्दा विचारा. उत्तर झाकलेल्या वाक्यापेक्षा वेगळं आलं, तर दोन्हींपैकी एक बदलायला हवं. आणि हे वाक्य आधीच सुचायला हवं असंही नाही. परिच्छेद लिहून झाल्यावर सुचलं तरी वर नेऊन बसवता येतं.

मुद्द्याचं वाक्य पहिलंच का हवं, असं हुशार मुलं विचारतात. लेखनाचे अभ्यासक रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ मध्ये मुरलेल्या लेखकांचे माहितीपर लेख तपासले, तेव्हा जेमतेम १३ टक्के परिच्छेद अशा वाक्याने सुरू होत होते. म्हणजे हा काही नियम नव्हे. पण शिकताना मुद्दा वर ठेवला की भरकटणं लगेच ध्यानात येतं.

या मुलीचं घोडं सध्या विरोधी मताच्या परिच्छेदावर अडलंय. "काही शिक्षकांच्या मते सुट्टीत सराव सुटतो" इथेच ती थांबते. त्यापुढे 'पण' घालून स्वतःचं उत्तर त्याच वाक्यात लिहायचं, एवढंच तिला सांगितलं आहे.