क्रेनवर माणूसच नसेल तर मुलीने शिकावं काय?

प्रश्न : मी न्हावा-शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला बंदरातच नोकरी हवी. पण आता गेटवर कॅमेरे आले, क्रेनसुद्धा लांबून चालवतात म्हणे. तिने हा नाद सोडावा का? – एक वडील, उरण

उत्तर : नमस्कार. तुमची भीती खोटी नाही. रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर धक्क्यावरून यार्डात कंटेनर नेणाऱ्या गाड्या 1993 पासून ड्रायव्हरशिवाय धावताहेत. गेटवर नंबर उतरवून घेणं किंवा केबिनमध्ये बसून क्रेन चालवणं, एवढ्याच कामावर तिने आयुष्य लावू नये.

पण ती शिकतेय ते त्या यंत्रांच्या पोटातलं आहे. कंटेनरचा नंबर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. शेवटचा आकडा आधीच्या चार अक्षरं आणि सहा आकड्यांवरून गणिताने निघतो, म्हणून कॅमेऱ्याने चुकीचं वाचलं तर सहसा लगेच कळतं. मात्र काचेवर खारं पाणी सुकलं, आरटीजीच्या (यार्डातल्या टायरवरच्या क्रेनच्या) सेन्सरची वायर गंजली, पीएलसीने, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाने, भलताच सिग्नल दिला, तर भर पावसात जाऊन दोष शोधणारं माणूसच लागतं. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली आणि आपल्या इथल्या एका टर्मिनलचं काम अडलं. त्या दिवसांत तुम्हीही कदाचित रांगेत उभे असाल!

तेव्हा तिने पीएलसी, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) आणि नेटवर्किंग पक्कं करावं, तेही खऱ्या पॅनेलवर हात घालून. डिप्लोमा झाला की वर्षभर अप्रेंटिसशिप. बंदरात मिळाली तर उत्तम, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्समध्येही चालेल. पुढे थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगचा रस्ता आहेच. ‘स्मार्ट पोर्ट’ असं नाव लावून महागडं सर्टिफिकेट विकणाऱ्यांपासून लांब राहा. पालघर जिल्ह्यातल्या नव्या वाढवण बंदराची पायाभरणी 2024 मध्ये झाली खरी, पण त्याच्या भरवशावर आज काही ठरवू नका. नोकरी समोर आली की आधी विचारा, कंपनीच्या रोलवर घेणार की कंत्राटदाराकडे? पगारापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

मुलींना हे जमेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, बरं वाटलं. केरळात विझिंजम बंदरात यार्डातल्या क्रेन कंट्रोल रूममधून चालवणाऱ्यांत तिथल्याच गावांतल्या बायका आहेत. पण बंदर रात्रीही चालू असतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! तिला रात्रपाळी करू द्याल का, हे मात्र पत्रात दिसलं नाही.