परदेशी नागरिकत्व घेतल्यावर साताऱ्यातल्या वडिलोपार्जित शेतीला वारस म्हणून नाव लागतं का?

तुमची परिस्थिती अशी: वडील अमेरिकेत वारले, तुम्ही अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) आहे. कोरेगाव तालुक्यात आजोबांची शेती. चुलते म्हणतात, तुमचं नाव आता लागत नाही. हक्कसोड (हिस्सा सोडल्याचा दस्त) द्या, पुढं लागली तर बक्षीसपत्र करून जमीन परत देतो.

हक्कसोडपत्रावर सही करू नका. नाव लागतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात (1956) वारसाचं नागरिकत्व आड येत नाही. तुमच्या आईचा आणि बहिणीचाही तुमच्याइतकाच हिस्सा. बक्षीसपत्राचं म्हणाल तर चुलत्यांची इच्छा असली तरी ते होणार नाही. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांप्रमाणे ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसही घेता येत नाही; वारसाने मात्र मिळते. एकदा हक्कसोड नोंदवलं, की चुलत्यांना ती जिवंतपणी तुम्हाला परत देता येणार नाही.

आधी महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, 15 रुपये पडतात. चुलत्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेत. भावांचा हिस्सा त्यामुळे जात नाही. सातबाऱ्यावर त्या नोंदीचा फेरफार (नावातल्या बदलाची नोंद) क्रमांक असतो. त्या फेरफाराची नक्कल मागवा (जुनी असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून) आणि आजोबांचे वारस म्हणून कोणाकोणाची नावं घेतलीत ते बघा. वडिलांचं नाव सातबाऱ्यावरच असेल तर साधी वारस नोंद. नुसता ए.कु.मॅ. शेरा असेल तर तो कमी करून घेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज. वडिलांना वारसांतूनच गाळलं असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. मुदत 60 दिवसांची, ती उलटून गेली असेल म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. तरीही भांडण राहिलं तर वाटपाचा दिवाणी दावा.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सेवेवर. सगळ्यात जास्त अडतं ते मृत्यू दाखल्यापाशी. दाखल्याची प्रमाणित प्रत हवी आणि ज्या राज्याने ती दिली त्याच राज्याचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र) हवं. तिकडच्या कागदावर मधलं नाव नुसत्या अक्षरात आणि सातबाऱ्यावर पूर्ण, असं असतंच. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच लावा. वारसांचं प्रतिज्ञापत्र वेगळं. त्यानंतर नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. अर्जात गावातल्या घराचा पत्ता दिलात तर ही नोटीस चुलत्यांच्या हातात पडेल, तेव्हा साताऱ्यातल्या वकिलाचा द्या.

मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासात करा, नाहीतर तिथल्या नोटरीसमोर करून त्याला अपोस्टिल घ्या. इथे पोहोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मजकुरात फक्त वारस नोंद, नकला आणि अपील ठेवा. विक्री, गहाण, हक्कसोड यांचे अधिकार नाहीत असं स्पष्ट लिहा. गावात छापील मसुदे मिळतात, त्यात हे सगळे अधिकार एका दमात देऊन टाकलेले असतात.

पुढे विकायची झाली तर खरेदीदार भारतात राहणारा भारतीय नागरिक हवा आणि महाराष्ट्रात तो शेतकरीही हवा. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा: विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि धोम-कण्हेर धरणांच्या लाभक्षेत्रात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ हा शेरा. तो शेरा किंवा भोगवटादार वर्ग 2 (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय खरेदीखत होत नाही.

भारतात वारसा कर नाही. जमीन सातारा पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या, रहिमतपूरसारख्या लहान पालिकेपासून 2 किलोमीटरच्या बाहेर असेल तर विक्रीवर इथला भांडवली नफ्याचा करही नाही. अमेरिकेचा हिशोब तिकडच्या सीएला विचारा. पैसे एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयाचं खातं) घ्यायचे. तिथून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. बँक सीएचं प्रमाणपत्र आणि वारसाचे कागद मागते, त्यामुळे मंजूर फेरफाराची नक्कल जपून ठेवा.