हिमनदीवर दोर बांधायलाच हवा का?

प्रश्न : आमच्या ८ दिवसांच्या ट्रेकमध्ये २ दिवस हिमनदीवरून चाल आहे. गाईड पहाटे २ वाजता निघायला आणि सगळ्यांनी एकमेकांना दोराने बांधून घ्यायला सांगतोय. वाट तर सपाट दिसते. एवढं खरंच लागतं का?

उत्तर : हो, लागतं. सपाट दिसणाऱ्या बर्फाखालीच भेगा झाकलेल्या असतात. त्यांच्यावरचा बर्फाचा पूल रात्रीच्या थंडीत घट्ट राहतो. ऊन चढलं की भुसभुशीत होतो आणि माणसाच्या वजनाने कोसळतो. म्हणून तो पट्टा ऊन तापण्याआधी ओलांडायचा. तरीही कोणी भेगेत पडलाच तर बाकीच्यांनी त्याला धरून ठेवावं, यासाठी दोर.

तिघे-चौघे असाल तर दोघांमध्ये साधारण १० ते १२ मीटर दोर ठेवा. दोघेच असाल तर त्याहून जास्त. दोर बर्फाला जेमतेम टेकावा. नेहमी होणारी चूक म्हणजे ढिला दोर वेटोळी करून हातात धरणं. पुढचा भेगेत गेला की ती वेटोळी संपेपर्यंत तो वेगाने खाली जातो आणि मागच्याला तो हिसका पेलत नाही. शिवाय वेटोळ्यात बोटं अडकतात. भेगांना काटकोनात चाला. समांतर चाललात तर सगळे एकाच भेगेवर येऊ शकता. डबा खायलाही घोळका करू नका.

क्रॅम्पॉनखाली (बुटाच्या तळाला बांधायचे धातूचे दात) ओल्या बर्फाचा गोळा जमला की दात रुततच नाहीत. आइस अ‍ॅक्सच्या (बर्फाच्या कुऱ्हाडीच्या) दांड्याने बुटाच्या कडेवर ठोकून तो पाडा, गरज पडली तर दर चार पावलांनी. गॉगल चौथ्या श्रेणीचा (सगळ्यांत गडद काचेचा), बाजूने झाकलेला घ्या. ढगाळ हवेतही तो काढू नका.