उसन्या पैशाची भेट नको

लोद, इस्राएल

प्रिय पोरी,

अमेरिकेतून पाठवलेली तुझी हनुकाच्या, म्हणजे आपल्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाच्या, भेटींची यादी वाचली. होणारे सासू-सासरे, नणंदा, त्यांची पोरं, ऑफिसातल्या मैत्रिणी, ठाण्याचे आजी-आजोबा आणि होणाऱ्या नवऱ्यासाठी आठ रात्रींच्या आठ वस्तू. शेवटी लिहिलंयस, "जे कमी पडेल ते कार्डावर घेते, हळूहळू फेडीन. मावशी, कुणाला काय घेऊ ते सांग." सांगते. पण आधी ते कार्ड कपाटात ठेव. उसन्या पैशाची भेट द्यायची नाही. हनुकाला तर नाहीच नाही.

भेटी पाठवायची आज्ञा आपल्या ज्यू धर्मात आहे, पण ती पुरीमच्या सणाला. खाण्याचे जिन्नस एकमेकांना आणि दान गरिबांना, असं बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. हनुकाला आज्ञा आहे ती दिव्याची. मध्ययुगातले आपले थोर धर्मशास्त्री रामबाम म्हणतात, ज्याला खायला नाही त्यानंही मागून आणावं, नाहीतर अंगावरचं वस्त्र विकावं, पण तेल आणि दिवा घ्यावा. हे वाक्य मला लोक ऐकवतात, की बघ, सणासाठी कपडे विकायला सांगितलंय! अगं, दिव्यासाठी सांगितलंय, हेडफोनसाठी नव्हे. आणि त्याच ठिकाणी पुढे काय आहे ते कुणी वाचत नाही. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर हनुकाचा दिवा राहू दे, शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवसाचा, घरचा दिवा आधी लाव. का, तर घरात शांती राहावी म्हणून. घरच्या शांतीपुढे खुद्द हनुकाचा दिवा मागे सरतो, तिथे भेटींची काय कथा? तू संसार मांडण्याआधीच हप्ते मांडायला निघालीस.

आठ रात्री आठ भेटी हे सगळं अमेरिकेत वाढलं. पूर्व युरोपात मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना नाणी द्यायची रीत होती. अमेरिकेत नाताळ शेजारी आला आणि विसाव्या शतकात नाण्यांचे खोके झाले. चॉकलेटची नाणीसुद्धा तिथलीच, 1920 च्या दशकातली. मी याला नावं ठेवत नाही. शेजारच्या खिडकीत झाड लखलखताना पाहिलं की आपल्या पोराचाही जीव होतोच. पण रीत नवी आहे, म्हणजे ती आपल्या ऐपतीप्रमाणे वळवता येते. आपल्या कोकणातल्या पूर्वजांना तर हनुकाच ठाऊक नव्हता. हनुका हा जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण, आणि कोकणकिनाऱ्यावर नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं ते त्या पुनःप्रतिष्ठेच्या आधी, असं आपल्याकडे सांगतात. शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक म्हणत ते शनवार तेली आपण. हनुकाविना ती माणसं कमी ज्यू होती का?

तुला वाटेल, मावशीचा हात आखडता. माझ्या धाकट्या बहिणीलाही तेच वाटलं. इथे आलो तेव्हा घरात एकच पगार होता. तिच्या मुलांना मी हनुकाला नाणी दिली, हनुकाच्या खेळातले भोवरे दिले. तिनं माझ्या मुलांना सायकली दिल्या आणि त्याचे हप्ते तिच्या नवऱ्यानं ओव्हरटाइम करून फेडले. मी तिला बोलले. ती दुखावली. आमच्यातलं ते अंतर पुरतं भरलं नाही, याचं दुःख मला रोज आहे. पण नियम चुकला असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या घरी हनुकाच्या आठही संध्याकाळी सगळी माणसं दिव्यापाशी उभी असत. तिचा नवरा कारखान्यात असे. आता तूच सांग, कुणी हात आखडता घेतला?

असो. तुझ्या यादीकडे येते.

नणंदांच्या घरी माणसं फार, म्हणून चिठ्ठ्या टाका. प्रत्येकाच्या वाट्याला एक माणूस, रक्कम आधी ठरलेली. नव्या सुनेनं कसं सुचवायचं म्हणून घाबरू नकोस, बाकीचेही सुटकेचा श्वास सोडतील. लहान मुलांना मी इथून भोवरे पाठवते. तिकडच्या भोवऱ्यावरच्या चार हिब्रू अक्षरांतलं चौथं शिन असतं, "चमत्कार तिथे झाला" म्हणून; एका दिवसाचं तेल मंदिरात आठ दिवस पुरलं तो चमत्कार. आमच्या इस्राएलातल्यावर पे असतं, "इथे झाला". पोरं दोन्ही भोवरे शेजारी ठेवून अक्षरं शोधत बसतील. सोबत चॉकलेटची नाणी, पण कोशरचा, म्हणजे आपल्या आहारनियमांत बसतं याचा, छाप पाहून घे.

सासूबाईंच्या नावापुढे तू जो आकडा टाकलायस तो पाहून मला खरंच राग आला. त्या बाई कोशर पाळतात असं तूच लिहिलं होतंस. मग त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच भांड्यात, गव्हाच्या चिकाचा हलवा करून घाल. कोशरमध्ये मांसाबरोबर जनावराचं दूध चालत नाही, पण हा नारळाच्या दुधातला असतो, त्यामुळे मटणाच्या जेवणावरही चालतो. आपण तो रोश हशानाला, आपल्या नववर्षाला, करतो, हनुकाला केला तर कोण अडवतंय? चीक काढायला गहू भिजवावे लागतात, तेव्हा आदल्या दिवसांची तयारी ठेव. ढवळून हात दुखेल. त्या शेजारी उभ्या राहून विचारतील, तुम्ही कोण, कुठले, तेल्याचा धंदा कसा. असं बोलणं कार्डावर विकत मिळत नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणींना एका रात्री घरी बोलाव, लाटके, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या टिकल्या, तळ. आजी-आजोबांना वस्तू नको आहे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये त्यांच्या नावानं थोडं दान दे आणि रविवारी त्यांना व्हिडिओवर घे. तुझी संध्याकाळ होईल तोवर ते झोपलेले असतील, म्हणून तुझ्या सकाळी त्यांचे दिवे बघ.

आणि त्याला? त्याला विचार. आठ नको, एक. त्याच्या बुटांचे तळ झिजलेत असं तू उन्हाळ्यापासून सांगतेस. चांगले बूट घे, रोख पैशांत. उरलेल्या सात रात्री दिवे जळत असताना दोघं अर्धा तास काहीही काम न करता बसा.

अजून एक, हे विसरशील म्हणून लिहिते. मेणबत्त्यांच्या खोक्यात 44 असतात, शमाश, म्हणजे बाकीच्या पेटवायची रोजची जादा मेणबत्ती, धरून आठ रात्रींना पुरतात. पण शुक्रवारी हनुकाचे दिवे शब्बाथच्या दिव्यांआधी लावायचे आणि अंधार पडल्यावर अर्धा तास तरी ते जळायला हवेत. त्या बारीक मेणबत्त्या तेवढ्या टिकत नाहीत. शुक्रवारसाठी जाड आण. हा खर्च मात्र टाळू नकोस.

यादी पुन्हा करून पाठव. सासूबाईंसमोरचा आकडा खोडलेला दिसला पाहिजे.

तुझी,
मावशी