४८ तास नेमके मोजायचे कसे? (ऑस्ट्रेलिया, विद्यार्थी व्हिसा)

ताई, विद्यार्थी व्हिसावर कोर्स चालू असताना पंधरवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम करता येतं. मुलाच्या दोन्ही पंधरवड्यांच्या पे-स्लिपांवर ४८-४८ तास आहेत, मालक म्हणतो सगळं नियमात आहे, आणि रूममेट मात्र मर्यादा ओलांडली म्हणून घाबरवतोय, असं तुम्ही लिहिलंत. रूममेट घाबरवत नाहीये, बरोबर सांगतोय.

आठवड्यांचे तास दिलेत ते बरं केलंत : २०, २८, २८, २०. मालक पहिले दोन आठवडे एकत्र धरतो, मग पुढचे दोन. इमिग्रेशन खात्याचा पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारपासून पुढचे १४ दिवस. म्हणून दुसरा आणि तिसरा आठवडा मिळूनही एक पंधरवडा होतो, आणि त्यात ५६ तास भरतात. आठ तास जास्त! पगार कधी होतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मी शिकत होतो तेव्हा मर्यादा ४० तासांची होती (४८ झाली जुलै २०२३ पासून), आणि मीही पे-स्लिप बघून निर्धास्त असायचो. एका सीनियरने कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडे मांडून दाखवले तेव्हा घाम फुटला. हिशोब सोपा आहे : या आठवड्याचे तास ४८ मधून वजा करा, उरतील तेवढेच पुढच्या आठवड्यात. रोस्टर (शिफ्टचं वेळापत्रक) हातात आलं की हे आधी बघायचं, शिफ्ट नंतर घ्यायची.

सेमिस्टरच्या सुट्टीत ही मर्यादा नसते. पण कोर्स सुरू होण्याआधी काम करता येत नाही. रोख पैसे घेतले किंवा एबीएनवर (स्वतःच्या व्यवसाय नोंदणी क्रमांकावर) डिलिव्हरी केली तरी ते तास मोजले जातातच; 'कॅशमध्ये कोण बघतंय' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

झालं त्याने व्हिसा आपोआप रद्द होत नाही, पण रद्द होऊ शकतो. तेव्हा आता तास लगेच कमी करायचे आणि नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा सल्ला घ्यायचा. आणि मालक उद्या 'तुझा व्हिसा रद्द करतो' म्हणाला तर ती पोकळ धमकी समजा. तो अधिकार सरकारचा. पगार बुडवला तर फेअर वर्क ओम्बड्समन या कामगार हक्कांच्या सरकारी कार्यालयाकडे विद्यार्थ्यांनाही तक्रार करता येते.

त्याने खोली बदलली असंही ओघात लिहिलंत. नवा पत्ता ७ दिवसांच्या आत विद्यापीठाला कळवावा लागतो, तीही व्हिसाची अटच आहे. पोर्टलवर पाच मिनिटांचं काम. आज फोन झाला की आधी तेच विचारा.