छातीतलं पाणी कधी काढलं?

प्रश्न : वडील सिमेंट-पत्र्यांच्या कारखान्यात ठेकेदाराकडे 19 वर्षं ॲस्बेस्टॉसची पोती फोडत होते. मार्च 2023मध्ये काम सुटलं. नोव्हेंबर 2024मध्ये छातीत पाणी झालं, टीबीची औषधं दिली. जून 2025च्या बायॉप्सीत मेसोथेलिओमा निघाला. जुने कागद टाकून दिले. भरपाई मिळेल का?

उत्तर : मेसोथेलिओमा हा ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेच. सगळं अडतं ते कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923च्या कलम 10मधल्या एका परंतुकावर, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीवर. कायदा असा रोग जडणं हाच अपघात मानतो. काम सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा धरतात. तुमची दोन वर्षं मार्च 2025मध्ये संपली. म्हणजे अर्जात बायॉप्सीची तारीख पुढे केलीत तर कंपनीचा वकील तिथेच पकडणार. नोव्हेंबर 2024 मात्र मुदतीत बसतो, आणि नेमके तेव्हाचेच कागद तुम्ही रद्दीत घातलेत!

रुग्णालयाकडे केसपेपर, एक्स-रे आणि पाण्याच्या तपासणीच्या नकला लेखी मागा. टीबीचं औषध सुरू झाल्याची तारीख निक्षय या टीबी-रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवरही सापडेल. मग कर्करोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या की ते पाणी याच आजाराचं होतं. हे एक पत्र नसेल तर बाकीचा गठ्ठा बिनकामाचा, कारण काम सुटल्यावरच्या आजारात तो कामामुळेच झाला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

ठेकेदार गायब असला तरी कलम 12खाली मूळ मालक जबाबदार. त्याच्याकडे आरोग्य-नोंदी मागा : सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितल्या आहेत. नोंदी नाहीत म्हणाला, तर तेही लेखी घ्या.

वडिलांच्या पगारातून ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जात होता का, हे आधी पाहा. जात असेल तर हा दावा बहुधा चालणार नाही, ईएसआयकडेच जावं लागेल. 21 नोव्हेंबर 2025पासून 1923च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तुमचा हक्क त्याआधीचा, तरी वाद निघू शकतो. अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख ठेवा.

मालकाला नोटीस लगेच, नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज अपघाताच्या दिवसापासून दोन वर्षांत, म्हणजे नोव्हेंबर 2026च्या आत, तोही राहत्या जिल्ह्यात चालतो. उशीर आयुक्त माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. म्हणून वडिलांचा जबाब लवकर नोंदवावा, असा स्वतंत्र अर्ज पहिल्याच तारखेला द्या.